हरण्याची रीत

आमच्या माहेरी गेली चार वर्षे ‘गेम’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही. घरातली लहान मुलेदेखील लगोरी मांडताना ‘खेळायला जातो’ एवढेच म्हणतात. माझा दादा कापसाचे पैसे घेऊन आला त्या हंगामात त्याच्या मोबाइलमध्ये पत्त्यांचा एक खेळ शिरला, आणि उन्हाळा लागेपर्यंत कापसाचे पैसे, त्यामागून पतसंस्थेत ठेवलेले पैसे, आणि शेवटी वहिनीच्या पाटल्या त्या चौकोनी काचेतून कोठे निघून गेल्या ते कोणालाच कळले नाही. त्या खेळाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. दादा शुद्धीवर आला, कर्ज हळूहळू फिटत आले. पण तो शब्द मात्र घरातून हद्दपार झाला तो झालाच.

गेल्या दिवाळीत हा निर्बंध मोडला तो दादाच्याच मुलाने. तो पुण्यास इंजिनिअरिंग शिकतो. माजघरात लॅपटॉप उघडून तो काही खेळत बसला असता दादाची नजर पडली आणि ऐन सणाच्या दिवशी घरात आकांत झाला. पोरगा रडवेला होऊन म्हणाला, “बाबा, हा तो गेम नाही हो!” दादा म्हणाला, “सगळे गेम सारखेच.” मग दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी महागावला शाळेत शिकविते, दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. तेव्हा न्याय करणे हे माझेच काम, असे घरात सर्वांनी परस्पर ठरवून टाकलेले आहे. पोरगा म्हणाला, “आत्या, तू खेळून पाहा आणि तूच सांग.”

वाचकहो, न वाचता पुस्तकावर अभिप्राय देणारे समीक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या पंक्तीला बसायची माझी इच्छा नव्हती. तेव्हा भाच्याने दिलेले काही जुने आणि काही नवे खेळ मी या वर्षात, विशेषतः मे महिन्याच्या सुटीत, खेळून पाहिले. त्यांचे हे निवेदन. यात शास्त्र नाही. कादंबरी वाचताना मी जो प्रश्न विचारते तोच येथेही विचारला आहे : हे रचणाऱ्याने माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले आहे?

आरंभ जुन्यापासून करते, कारण मी अगदीच कोरी नव्हते. आम्ही लहान असताना दादाने हट्ट करून पुसदच्या बाजारातून टी.व्ही.ला जोडायचा गेम आणविला होता. जपानी यंत्राची ती चिनी नक्कल. दोन रिमोट, आणि वर खोचायची एक पिवळी कॅसेट. तिच्यावर हजारो खेळ असल्याचे छापलेले, पण आत तेच ते दहाबारा खेळ नावे बदलून बसलेले. त्यांतला आमचा लाडका म्हणजे ‘कॉन्ट्रा’. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८७ साली काढला. निळ्या तुमानीचा शिपाई दादा, लाल तुमानीची मी. प्रत्येकाला तीन प्राण. एक गोळी लागली की एक प्राण गेला. त्यात मध्येच खूण करून ठेवण्याची सोय नाही. आठ टप्पे एका बैठकीत पुरे करायचे. आमच्याकडे सहाव्या टप्प्याला लाइट जाई. मग अंधारात दोघेही काही वेळ रिमोट हातात धरून तसेच बसत असू.

तोच खेळ यंदा तीस वर्षांनी लॅपटॉपवर पुन्हा खेळले. कोनामीने आपले जुने ‘कॉन्ट्रा’ २०१९ मध्ये एकत्र करून नव्याने विक्रीस आणले आहेत. तिसऱ्या टप्प्याशी येताच माझे हात थांबले. तेथे धबधबा आहे. दोघांनी खडकांवरून उड्या मारीत वर चढायचे. आणि जो पुढे असेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला गेला की मेला. शत्रूची गोळी लागण्याचीसुद्धा गरज नाही. जोडीदाराची घाई त्याला पुरते. लहानपणी दादा भराभर वर जाई आणि मी खाली मरे. पुष्कळ भांडणे झाल्यावर तो थांबायला शिकला. एका खडकावर उभा राहून म्हणे, “ये तू, मी थांबलो.” ‘कॉन्ट्रा’त गोष्ट म्हणावी अशी नाही, बंदुकी आहेत आणि राक्षस आहेत. पण या धबधब्याच्या नियमात एक मोठी गोष्ट सांगितलेली आहे, आणि ती शब्दांवाचून सांगितलेली आहे. खेळाचा आशय त्याच्या कथानकात शोधू नये, नियमांत शोधावा, हे मला येथे प्रथम कळले.

दुसरा जुना खेळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने रचला. १९८९ साली बाहेर आला. त्यातला राजपुत्र धावतो, कठड्याला लोंबकळतो, तोल सावरतो, ते इतके खरे वाटते याचे कारण असे, की मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला व उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक आकृती काढली. आपला भाऊ कसा पळतो हे एकाने इतके मन लावून पाहिले, आणि ते पाहणे आज इतक्या वर्षांनंतरही पडद्यावर पळत आहे!

या खेळात साठ मिनिटे असतात. तेवढ्यात तळघरातून वर जाऊन राजकन्येला सोडवायचे. मेलात तर त्या टप्प्याच्या आरंभी पुन्हा उभे राहता येते. गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नाहीत. शरीर परत मिळते, वेळ मिळत नाही, हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटला. पुढे एका जागी आरसा आहे. त्यातून उडी मारल्यावाचून वाट नाही, आणि मारली की आपलीच सावली वेगळी होऊन पळते. ती आपले औषध पिते, आपल्यावर दार लोटते. शेवटी तिच्याशी तलवारीने गाठ पडते. आपण तिला वार करावा तर आपलाच प्राण उणा होतो. मी अकरा वेळा हरले. बाराव्या वेळी कंटाळून तलवार म्यान केली, आणि काय आश्चर्य, तिनेही केली! मग दोघे एकमेकांकडे चालत गेलो आणि एक झालो. माझ्या एखाद्या कादंबरीचा शेवट मला असा साधला असता तर मी धन्य झाले असते.

‘टेट्रिस’ हा तिसरा. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. वरून चार चार चौकोनांचे ठोकळे पडतात, ते आडव्या ओळीत बसवायचे. ओळ पुरी झाली की नाहीशी होते. म्हणजे आपण जे नीट करतो ते दिसेनासे होते, आणि जे चुकते तेवढेच साचून राहते. प्रत्येक गृहिणीला हा खेळ समजविण्याची गरज पडणार नाही! त्याच्या मूळ रूपात विजय नाहीच. ठोकळ्यांचा वेग वाढत जातो आणि केव्हातरी आपण हरतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने त्याची निन्टेन्डोवरची जुनी आवृत्ती इतक्या पुढे नेली, की यंत्राचीच मती गुंग होऊन चित्र जागच्या जागी गोठले. त्या बातमीचा मला मोठा आनंद झाला. माणूस हरण्यासाठीच बसलेला असतो आणि तरीही इतका मन लावून खेळतो!

हे तीनही खेळ कठोर आहेत. पण तिघांतही एक सभ्यता आहे. आपण हरलो की ते तसे स्पष्ट सांगतात. हार झाल्याचे पडद्यावर दिसते आणि यंत्र गप्प बसते. ते आपल्याला घरी जाऊ देते. आता दादाच्या मोबाइलमधला तो पत्त्यांचा खेळ आठवा. तो हरल्याचे कधी सांगतच नसे. हरल्यावर अभिनंदनासारखे रंग उधळून तो म्हणे, पुढचे टेबल तयार आहे. इतके इतके तुम्हाला फुकट दिले आहेत. दोन दिवस दादा फिरकला नाही तर रात्री अकराला मोबाइल वाजवून तो बोलावी. ज्याला शेवट नाही आणि ज्यात हार लपविली जाते, तो खेळ नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. त्यात करमणुकीचे खेळ आणि हे प्रकार वेगळे धरले आहेत. कायद्याने रेघ ओढली हे बरे झाले. पण माझ्यासारखीला ती रेघ खेळाच्या रचनेतच दिसते : हरलेल्या माणसाशी तो कसा वागतो?

आता नव्यांकडे वळू. हे खेळ मोठ्या कारखान्यांतून निघालेले नाहीत. एकट्यादुकट्याने किंवा लहान मंडळीने, स्वतःच्या हिकमतीवर रचलेले आहेत. म्हणजे आपल्या लघु-अनियतकालिकांसारखे म्हणा ना!

त्यांतला ‘स्टारड्यू व्हॅली’ भाच्याने मुद्दाम दिला. “आत्या, हा शेतीचा आहे,” असे म्हणाला. एरिक बॅरोन या तरुणाने चित्रे, संगीत, लेखन सगळे एकट्याने करून, चारेक वर्षे खपून तो २०१६ साली पुरा केला. शहरातल्या नोकरीला विटलेला माणूस आजोबांचे पत्र उघडतो आणि त्यांच्या पडीत शेतावर येतो. दगड वेचायचे, झाडोरा तोडायचा, बी पेरायचे, झारीने पाणी घालायचे. प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. संध्याकाळी गावात हिंडावे, कोणाला भेटवस्तू द्यावी, नदीवर गळ टाकून बसावे. संगीत असे, की डोळे मिटावेत. मी पहिल्या आठवड्यातच त्या शेतात गुंतले. निजल्याखेरीज केलेले काम जमा होत नाही, त्यामुळे ‘आणखी एक दिवस’ असे करीत एकदा रात्रीचा एक वाजविला, हेही कबूल केले पाहिजे. मोह येथेही आहे. पण तो माझ्या खिशात हात घालीत नाही, झोपेत घालतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा घरी वही द्यायला आला होता. त्याला मी हा खेळ दाखविला. त्याच्या घरी कोरडवाहू कापूस आणि तूर. तो बारकाईने पाहत राहिला. मी पीक काढले आणि दारापुढच्या पेटीत टाकले. रात्र झाली, सकाळी पैसे जमा. तो म्हणाला, “मॅडम, याच्यात व्यापारी कुठं आहे?” मी म्हटले, नाही. “भाव कोण ठरवते?” ठरलेलाच आहे. “आन् पाणी नाही आलं तर?” मी त्याला सांगितले, की पाणी घातले नाही तर रोप मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही, इतकेच. तो हसला. अगदी मोठ्या माणसासारखा हसला.

त्या हसण्याने माझ्या समीक्षेची दिशाच बदलली. चिलगव्हाण आमच्याच तालुक्यातले गाव. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. अलीकडे त्या दिवशी त्यांच्या आठवणीने ठिकठिकाणी अनेक माणसे उपवास करतात. दिवाळीच्या अंकात ही आठवण काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण महागावात बसून शेतीच्या खेळावर लिहायचे आणि चिलगव्हाण विसरायचे, हे मला जमणार नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’त सावकार नाही, बँकेची नोटीस नाही, दुबार पेरणी नाही. ऋतू बदलला की उभे पीक वाळते, कावळे दाणे टिपतात, कधी वीज पडते. मध्यरात्रीनंतरही काम करीत राहिले तर माणूस भोवळ येऊन पडतो आणि त्याची थोडी नाणी कमी होतात. एवढीच काय ती हानी. तेथे माणसाला हरताच येत नाही.

मग हा खेळ खोटा म्हणावा काय? पुष्कळ दिवस मी तसेच ठरवून बसले होते. पुढे तोच मुलगा तिसऱ्यांदा खेळायला आला आणि त्याने आपल्या वडिलांना सोबत आणले. ते दारातच चपला काढून उभे राहिले. मुलाने त्यांना शेत दाखविले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “असं असतं तर पोरानं शेतीच केली असती.” त्या वाक्यात मला त्या खेळाचे नेमके मोल सापडले. तो शेतीचे चित्र नव्हे. शेती कशी असावी याचे मागणे आहे. कष्टाचे पैसे सकाळी हातात पडावेत, एका चुकीने माणूस बुडू नये, गावाने नावाने हाक मारावी. दूर अमेरिकेतल्या एका तरुणाने हे मागणे मांडले आणि महागावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते आपले वाटले. मात्र रचनाकाराने हार काढून टाकली आहे याचे भान ठेवूनच तो खेळावा. नाहीतर शहरातल्या मुलांना वाटायचे, की शेतकरी गरीब आहे तो पहाटे उठत नाही म्हणून!

शेवटचा खेळ आपल्या पुण्याचा. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या लहानशा मंडळींनी तो २०२० साली प्रसिद्ध केला. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली होती. ती पुरी जमली नाही. तरी ते थांबले नाहीत, आणि त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’ या जागतिक समारंभात पहिल्या कृतीसाठी असलेल्या पारितोषिकाच्या पाच नामांकनांत ‘राजी’चे नाव लागले. हरणे म्हणजे काय ते या मंडळींना चांगले ठाऊक आहे.

राजी ही डोंबाऱ्याच्या मुलीसारखी कसरती करणारी अनाथ पोर. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलू जातो. ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे पाहत आपसांत बोलत असतात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हे बोलणे हिंदीतूनही ऐकता येते. किल्ल्यांच्या तटबंद्या, कमळांची तळी, भिंतीवरची चित्रे. चित्रापाशी थांबले की त्याची कथा ऐकू येते. मधला कथाभाग सावलीच्या बाहुल्यांनी सांगितला आहे. तो पाहताना मला कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आठवला आणि ऊर भरून आला. लहानपणापासून मी पडद्यावर ज्या बाया पाहिल्या त्या दुसऱ्या कोणाच्या तरी किल्ल्यात कोंडलेल्या. मारिओची राजकन्या कोंडलेली, पर्शियाची कोंडलेली. माझ्या हातातला रिमोटसुद्धा दुसऱ्या क्रमांकाचा! येथे प्रथमच बहीण भावाला सोडवायला निघाली होती आणि रिमोट एकच होता.

प्रेमाने पाहिले म्हणून दोष लपवू नयेत. ‘राजी’चे डोळे सुंदर आहेत, हात तितके तयार नाहीत. असुरांशी लढाया पुन्हा पुन्हा त्याच त्याच घडतात. राजी कड्यावरून पडली तर लगेच जवळच्याच जागी उभी राहते. काही गमावले असे वाटत नाही. त्यामुळे भाऊ हरवल्याचे दुःख बोलण्यात आहे, पण नियमांत उतरलेले नाही. धबधब्यावर मागे राहिलेला जोडीदार मरतो, हे ‘कॉन्ट्रा’ने एका नियमात सांगितले, ‘राजी’ला ते सांगायला दोन देव लागतात. आणि शेवट तर असा, की गोष्ट रंगात आली असता कोणी समई विझवावी. पुढचा भाग यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. आणि तो येईल तेव्हा या मुलीला थोडे खरोखरीचे हरू द्यावे, एवढेच मागणे.

आता भाच्याने मागितलेला न्याय. दादा म्हणाला होता, सगळे गेम सारखेच. तसे नाही. ‘टेट्रिस’ हरवतो, पण निरोप देतो. ‘प्रिन्स’ हरवून शहाणे करतो. ‘स्टारड्यू’ हरूच देत नाही, आणि त्याचे कारण स्वप्न हे आहे. ‘राजी’ हरण्याला अजून पुरती धजत नाही. यांतल्या प्रत्येकापाशी माझे मतभेद आहेत, जसे चांगल्या कादंबरीपाशी असतात. पण यांतल्या एकानेही मला फसविलेले नाही. तो पत्त्यांचा प्रकार या ओळीत बसतच नाही. तेव्हा भाचा निर्दोष. आणि दादाही निर्दोष, असे मी म्हणेन. कारण लहानपणी आम्हाला जे खेळ मिळाले ते हरल्यावर घरी सोडीत, आणि त्याच विश्वासाने तो त्या काचेपुढे बसला होता.

हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. चार वर्षांत तो माझ्याशी या विषयावर एक शब्द बोललेला नाही. त्याला वाटते, मी त्याला मनातून दोष देते. या भाऊबीजेला तो महागावला येईल. भाच्याला मी दोन रिमोट आणायला सांगितले आहेत. ओवाळणी झाली, फराळ झाला, की ‘कॉन्ट्रा’ लावावा असा बेत आहे. तो नको म्हणेल, उठूनही जाईल कदाचित. बसलाच, तर त्याची बोटे आता पूर्वीसारखी चालायची नाहीत. तिसऱ्या टप्प्यावर तो मागे पडेल. त्या वेळी एका खडकावर उभे राहून काय म्हणायचे, ते मला त्यानेच शिकविलेले आहे.